अर्धे चित्र आणि त्याचा आरसा

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतील गणेशोत्सव मंडळाने स्वागतफलकाचे काम माझ्यावर सोपविले. संगणकावर चित्रे जुळविण्याचा मला नाद आहे, आणि मी पैसे घेत नाही ही मंडळाची सोय. फलक लांबोळका होता. मध्ये मजकूर, डावीकडे गणपतीचे छायाचित्र. उजवी बाजू ओकीबोकी दिसू लागली म्हणून मी तेच छायाचित्र उचलले, आडवे पलटले आणि उजवीकडे ठेवले. दोन्ही गणपती मजकुराकडे वळून बसले, दोन्हीकडच्या समया समोरासमोर आल्या. मला ती रचना फारच साधल्यासारखी वाटली. फलक फ्लेक्सवर छापून आला, १२०० रुपये मोजून झाले आणि तो उभारण्याच्या आदल्या रात्री मंडळातील एक वयस्क काका त्याच्यापुढे येऊन थांबले.

"काय रे, हा उजव्या सोंडेचा कुठून आणलास?"

"काका, तोच आहे तो. नुसता पलटलाय."

"पलटलाय म्हणजे? आता ह्याचं सोवळं कोण सांभाळणार, तू?"

डाव्या सोंडेचा गणपती आरशात उजव्या सोंडेचा होतो ही गोष्ट तोवर माझ्या ध्यानातच आली नव्हती. त्या रात्री उजवीकडच्या गणपतीवर शुभेच्छुकांच्या नावांचा कागद चिकटवून वेळ निभावून नेली. मात्र तेव्हापासून 'पलटणे' ह्या एका साध्या क्रियेकडे मी जरा आदराने पाहू लागलो. प्रस्तुत लेखात संगणकावर सममित चित्रे आणि शोभादर्शकातल्यासारखी चित्रे कशी करतात ते सांगण्याचा विचार आहे. पण ती करताना काय हाती लागते आणि काय टाकावे लागते, ह्याचा हिशेबही बरोबरच मांडावा लागेल. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. हिशेबाशिवाय मला राहवत नाही.

छायाचित्रांवर काम करणाऱ्या आज्ञावली पुष्कळ आहेत. मी 'गिंप' वापरतो. ती फुकट मिळते, आणि साध्या संगणकावरही चालते. १९९५ च्या सुमारास अमेरिकेत बर्कली येथे शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस ह्या दोन विद्यार्थ्यांनी तिची सुरुवात केली, हे वाचल्यापासून तिच्याविषयी मला थोडी जवळीकही वाटते. ज्यांच्याकडे दुसरी आज्ञावली असेल त्यांनाही पुढील कृती करता येतील. आज्ञांची नावे तेवढी इकडची तिकडे होतील.

सममितीची मूळ कामे दोनच: पलटणे आणि फिरविणे. दोन्हींत चित्र तेच राहते असे वाटते, आणि फसगत तिथेच होते. कागदाच्या तुकड्यावर स्वस्तिक काढून पाहावे. कागद ९० अंशांनी फिरवा, १८० अंशांनी फिरवा, स्वस्तिक जसेच्या तसे. आता तो आरशासमोर धरा. भुजा उलट दिशेला वळलेल्या दिसतील. म्हणजे स्वस्तिकाला फिरणे सोसते, पलटणे सोसत नाही. शंखाचे तसेच, गणपतीच्या सोंडेचे तसेच आणि अक्षरांचेही तसेच. बाजारपेठेचे छायाचित्र पलटले की दुकानांच्या पाट्या, मग त्या मराठी असोत वा कन्नड, सारख्याच अवाच्य होतात. इतकी समान वागणूक पाट्यांना एरवी कोठे मिळत नसेल! दोन्ही लिपींतील अक्षरे आरशापुढे धरण्याचा उद्योग मी करून पाहिला. देवनागरी 'ठ' जवळजवळ तसाच राहतो, आणि गंमत अशी की कन्नड लिपीतला 'ठ', म्हणजे पोटात टिंब असलेले ते वर्तुळ, तोही जवळजवळ तसाच राहतो. कन्नडमध्ये आरशाला 'कन्नडी' म्हणतात. भाषेच्या आणि आरशाच्या नावांत एका वेलांटीचे अंतर आहे. असो.

सर्वांत सोपी कृती अर्ध्या चित्राची. छायाचित्र उघडावे, पट्टीवरून एक उभी मार्गरेषा ओढून मध्यावर आणावी, डावा अर्धा भाग निवडून त्याची प्रत नव्या थरावर घ्यावी आणि 'लेयर' यादीतील 'ट्रान्स्फॉर्म' मधून 'फ्लिप हॉरिझाँटली' ही आज्ञा द्यावी. मग तो थर सरकवत उजव्या बाजूला नेऊन मार्गरेषेला भिडवावा. येथे नवशिक्याला नडते ती एक बारीक गोष्ट आहे. चित्राची रुंदी बिंदूंच्या विषम संख्येत असली, समजा १९९९, तर तिचे दोन समान भाग पडत नाहीत. मग मध्ये एक बिंदूभर फट राहते आणि पांढरी रेघ उमटते. आधीच रुंदी २००० करून घ्यावी.

ही कृती जमायला पाच मिनिटे पुरतात. कठीण आहे ते मध्यरेषा कोठे घ्यायची हे ठरविणे. मी आमच्या परसातील शेवग्याच्या फांद्यांचे एक छायाचित्र घेतले होते. मध्यरेषा बरोबर मध्यावर घेतली तेव्हा नुसती जाळी झाली. रेषा बोटभर डावीकडे सरकवली आणि तिथे दोन डोळे, एक नाक आणि उघडा जबडा दिसू लागला! हे असे का होते? जी वस्तू रेषेपासून दूर आहे तिच्या नुसत्या दोन प्रती होतात. जी वस्तू रेषेवरच तुटते तिचे दोन अर्धे एकमेकांना चिकटून तिसरीच वस्तू जन्मते. रेषेला तिरकी भिडणारी फांदी बाण होते, तिचा वाकडा शेंडा शिंग होतो. म्हणून ज्यात तिरक्या रेषा पुष्कळ आहेत अशी छायाचित्रे निवडावीत: फांद्या, जिने, विजेच्या तारा, सायकलींची रांग. समोरून सरळ घेतलेली इमारत मुळातच निम्मीशिम्मी सममित असते, ती पलटून हाती काही लागत नाही. उजेडाकडेही लक्ष ठेवावे. मूळ चित्रात ऊन डावीकडून असेल, तर पलटलेल्या अर्ध्यात ते उजवीकडून येते, आणि दोन सूर्य असलेले ते चित्र पाहणाऱ्याला कारण न कळताही खोटे वाटते. ढगाळ दिवशी घेतलेली छायाचित्रे ह्या कामाला उत्तम.

आता हिशेब. ह्या कृतीत चित्राचा उजवा अर्धा भाग आपण फेकून दिला. वर्गाच्या सामुदायिक छायाचित्रावर मी हा प्रयोग गमतीने केला, तेव्हा डावीकडचे विद्यार्थी दोन-दोनदा दिसू लागले आणि उजवीकडचे वर्गातूनच गेले. त्यांतल्या एका मित्राने "मी कुठाय?" असे विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. आमच्या जमाखर्चात ताळेबंदाच्या दोन बाजूंची बेरीज जुळते, पण एक बाजू दुसरीचे प्रतिबिंब नसते; इकडे देणी असतात, तिकडे मालमत्ता. त्याला तोल म्हणतात. फलकाला खरे पाहता असा तोल हवा होता, आणि मी दिली सममिती.

अर्ध्याची कृती दोनदा केली, म्हणजे आधी उजवीकडे आणि मग तयार झालेले सारे चित्र खाली पलटले, की चार भागांचे चित्र होते. त्याचा एक गुण मला फार आवडतो. त्याची डावी कड आणि उजवी कड अगदी एक असते, वरची आणि खालचीही. म्हणून त्याच्या प्रती फरशांसारख्या शेजारी शेजारी लावल्या तर सांधा दिसतच नाही. वेष्टनाचा कागद, वहीचे मुखपृष्ठ, कापडावरील छपाई ह्यांसाठी ही युक्ती हुकमी आहे.

ह्यानंतर शोभादर्शक. तीन काचपट्ट्या, पुठ्ठ्याची नळी आणि बांगड्यांचे तुकडे घेऊन तो आपण सर्वांनी शाळेत केलेला आहे. त्याचा जनक सर डेव्हिड ब्रूस्टर हा स्कॉटलंडचा भौतिकशास्त्रज्ञ. प्रकाशावरील प्रयोगांतून त्याला ही कल्पना सुचली आणि १८१७ मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. 'कॅलिडोस्कोप' हे नावही त्यानेच सुंदर, आकृती आणि पाहणे ह्या अर्थांचे ग्रीक शब्द जोडून केले. आमच्या शाखेच्या विद्यार्थ्यांनी ह्यापुढची हकीकत मुद्दाम वाचावी. वस्तू इतकी सोपी होती की एकदा पाहिली की कोणाही कारागिराला करता येई. पेटंट हातात असूनही नकलांचा सुळसुळाट झाला. लंडन आणि पॅरिस मिळून तीन महिन्यांत दोन लाख नग खपले असे स्वतः ब्रूस्टरने नमूद केले आहे. त्यातले त्याच्या खिशात फारच थोडे पडले. १८१९ मध्ये त्याने ह्या यंत्रावर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने ते खेळणे म्हणून न मांडता नक्षीकामाचे साधन म्हणून मांडले. आज आपण संगणकावर जे करतो ते त्याच्याच मनातले आहे.

ब्रूस्टरचा कटाक्ष होता तो कोनावर. दोन आरशांमधील कोनाने ३६० ला भागले की वर्तुळात किती फाकी दिसतील ते कळते. ६० अंशांना ६, ४५ अंशांना ८, ३० अंशांना १२. पण भागाकार नि:शेष येऊन भागत नाही. तो सम यावा लागतो. ७२ अंश घ्या. ३६० भागिले ७२ म्हणजे ५, बाकी शून्य, तरीही चित्र बिघडते. कारण असे की आरशातल्या फाकी एक सरळ, एक उलट अशा आळीपाळीने येतात. सरळ, उलट, सरळ, उलट, सरळ असे पाच टप्पे घेऊन आपण परत पहिल्या फाकीशी येतो तेव्हा सरळ फाकीला सरळ फाकच भिडते, आणि मूळ फाकीच्या दोन कडा एकसारख्या नसल्याने तिथे चित्र तुटलेले दिसते. शाळेत मी प्रतिमांच्या संख्येचे सूत्र पाठ केले होते. सम-विषमाची ही भानगड मला कळली ती संगणकावर पाच फाकी जोडताना दोन तास डोके खाजवल्यावर.

गिंपमध्ये 'फिल्टर्स' यादीत 'डिस्टॉर्ट्स' खाली 'कॅलिडोस्कोप' अशी तयार आज्ञा आहे. आरशांची संख्या, कोन आणि मध्यबिंदू बदलत गेले की डोळ्यांसमोर फुले उमलत जातात. तरीही एकदा तरी हाताने करून पाहावे. तयार आज्ञेत फाक आपण निवडत नाही, ती निवडली जाते.

हाताने करायची रीत अशी. लांबी-रुंदी प्रत्येकी २००० बिंदूंचा चौरस कागद घ्यावा. त्याचा मध्य आडवा १०००, उभा १००० येथे येतो. दोन मार्गरेषा तिथून न्याव्यात. छायाचित्राचा हवा तो भाग मध्याच्या वर आणि उभ्या रेषेच्या उजवीकडे येईल असा थर सरकवावा. मग मुक्त निवडीच्या साधनाने तीन बिंदू टिपावेत: मध्य, म्हणजे (१०००, १०००), त्याच्या सरळ वर (१०००, २००), आणि उजवीकडे (१४६२, २००). ही ३० अंशांची फाक झाली. ४६२ हा आकडा आला कोठून? ३० अंशांचा टॅन साधारण ०.५७७, त्याला ८०० ने गुणले. दहावीचे त्रिकोणमिती कधी उपयोगी पडेल असे मला वाटले नव्हते. प्रत्यक्षात मी १४६२ ऐवजी १४७० घेतो, म्हणजे फाक केसभर मोठी होते. नाही तर फिरविलेल्या फाकींच्या कडांना अंधुक फटी राहतात.

ती फाक नव्या थरावर घेऊन त्या थराचा आकार पूर्ण कागदाएवढा करावा. हे विसरू नये, कारण मग पलटण्याची आज्ञा दिल्यावर फाक बरोबर उभ्या मध्यरेषेभोवती पलटते आणि आपल्या जोडीदाराला चिकटते. दोन्ही थर एकत्र केले की ६० अंशांची एक पाकळी तयार. तिच्या पाच प्रती काढून, (१०००, १०००) हाच मध्य ठेवून, त्या अनुक्रमे ६०, १२०, १८०, २४० आणि ३०० अंशांनी फिरवाव्यात. प्रत्येक प्रत मूळ पाकळीचीच घ्यावी. एक प्रत फिरवून तिचीच प्रत पुन्हा फिरवली, असे करीत गेले तर शेवटची पाकळी धुरकट होते. पलटताना किंवा ९० अंशांनी फिरविताना बिंदू नुसते जागा बदलतात, पण ६० अंशांना आज्ञावलीला शेजारच्या बिंदूंचे रंग मिसळून नवे बिंदू करावे लागतात आणि दर खेपेस थोडी झीज होते.

फाकी न पलटता नुसत्या फिरविल्या तर सम-विषमाचे बंधन उरत नाही. पाच घ्या, सात घ्या, भोवऱ्यासारखी किंवा चक्रासारखी गती असलेली चित्रे होतात. मात्र अशा चित्रांत फाकींचे सांधे दिसतात, म्हणून फाकीची कड जिथे मोकळ्या जागेतून जाते अशीच फाक निवडावी. पांढऱ्या कापडावर ठेवलेले जास्वंदीचे फूल, हातातील किल्ल्यांचा जुडगा अशी चित्रे ह्याला चालतात. २०१८ मध्ये आलेल्या गिंपच्या २.१० ह्या आवृत्तीपासून तर कुंचला एकदा फिरविला की तो एकाच वेळी सहा-आठ ठिकाणी उमटावा अशीही सोय आहे.

ती सोय मी आजीला दाखविली. तिने ठिपक्यांची रांगोळी काढण्यात आयुष्य घालविले आहे. पडद्यावर पाच पाकळ्यांचे फूल उमटलेले पाहून ती म्हणाली, "हे ठिपक्यांत बसायचं नाही." मी वहीत मांडून पाहिले. '१५ ते ८' म्हणजे मधल्या ओळीत १५ ठिपके, मग वर आणि खाली एकेक कमी करीत ८ पर्यंत, दोन ठिपक्यांच्या मध्ये पुढच्या ओळीचा ठिपका. एकंदर १६९ ठिपके होतात आणि त्यांचा बाह्याकार षट्कोनी असतो. त्यावर ६० अंशांचेच राज्य, म्हणून सहा पाकळ्या आपोआप बसतात. समोरासमोरच्या ठिपक्यांत चार. पण ठराविक अंतराने पसरत जाणाऱ्या ठिपक्यांच्या कोणत्याही मांडणीला पंचकोनी सममिती येऊच शकत नाही, हा गणितात सिद्ध झालेला नियम आहे. आमच्याकडे ठिपक्यांना चुक्की म्हणणाऱ्या शेजारच्या अज्जीही आजीशी सहमत झाल्या. दोघींनी नियम वाचलेला नाही.

गेल्या हिवाळ्यात बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीत गेलो. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य ह्याचा मंत्री बीचिराज ह्याने १२०४ मध्ये बांधविलेले हे जैन मंदिर. मुखमंडपाच्या छतातून ७२ पाकळ्यांचे दगडी कमळ खाली उमललेले आहे आणि त्या पाकळ्यांत २४ तीर्थंकर कोरलेले आहेत. खाली उताणे पडून मोबाईलने छायाचित्र घेतले, घरी येऊन ३० अंशांची फाक कापली आणि वरच्या रीतीने बारा फाकींचे कमळ केले. दिसायला ते अचूक झाले, नको इतके. मग मूळ छायाचित्र शेजारी लावले. मुळात सगळे कमळ वर्तुळात बसलेले आहे, पण पाकळी पाकळीशी तंतोतंत जुळत नाही. कोठे कड किंचित झिजलेली, कोठे छिन्नी थोडी खोल गेलेली. माझ्या कमळात एकाच फाकीतली तेवढी आकृती बारा वेळा बसली होती आणि बाकीचे तीर्थंकर वर्गातल्या त्या मित्रासारखे नाहीसे झाले होते. त्यातही बारापैकी सहा उलटे, म्हणजे मांडीवर ठेवलेला उजवा हात डावा झालेला. ते चित्र मी ठेवले आहे, पण कोणाला कमल बस्ती म्हणून दाखवीत नाही.

मंडळाच्या फलकाचे काम यंदाही माझ्याकडेच आले. गणपती एकच घेतला, मधोमध, न पलटता. भोवतीची महिरप झेंडूच्या एका हाराच्या छायाचित्रातून फाक कापून केली. झेंडूला डावे-उजवे काही नसते. डाव्या बाजूला मजकूर, उजव्या बाजूला शुभेच्छुक. छापायला देण्याआधी काकांना घरी जाऊन दाखविला. त्यांनी चष्मा लावून आधी सोंड पाहिली, मग शुभेच्छुकांत आपले नाव पाहिले, आणि "दे छापायला" म्हणाले.